अक्कांसारखं व्हायचंय, पण तोंडच उघडत नाही

(पत्र आठ पानी आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून सारांश देते.)

पत्र लिहिणाऱ्या ताई ३८ वर्षांच्या. माहेर बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्यात, सासर बेळगावातल्याच वडगावात. घरात चार माग आहेत. माग नवरा बघतो. सूत किती आलं, कांड्या भरणाऱ्या बायकांची मजुरी किती झाली, कुणाची उचल किती, हा सगळा हिशेब ताईंकडे. शिक्षण मराठी शाळेत दहावीपर्यंत. कन्नड 'कानाला कळतं, तोंडात येत नाही.'

गल्लीत एक अक्का आहेत, साठीच्या. घरची भाषा मराठीच, पण कचेरीत कन्नडमधून अशा बोलतात की समोरचा माणूस खुर्ची पुढं करतो. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचं विधवा वेतन, कुणाचा उतारा, गल्लीतलं अडलेलं काम अक्कांकडे जातं. गेल्या वर्षी ताईंचे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये पाच महिने अडकले. आधारवर नाव एक, रेशनकार्डावर दुसरं. ताई तीनदा गेल्या आणि तिन्ही वेळा 'नाळे बर्री', म्हणजे उद्या या, एवढं ऐकून परत आल्या. चौथ्यांदा आठवीतल्या मुलीला बरोबर नेलं. ताई काही बोलणार तोच मुलगी म्हणाली, "आई, तू गप बस की. मी बोलते." त्याही दिवशी काम झालं नाही. ते अक्कांनी केलं, दहा मिनिटांत.

ताई लिहितात, "तेव्हापासून रोज रात्री दिवसभरात काय चुकलं ते वहीत लिहिते. आठ महिने झाले. आत्मविश्वासाचे व्हिडिओ बघते. पहाटे साडेचारला उठून बघितलं. अक्कांसारखं बोलायला गेले की नाटक केल्यासारखं वाटतं. शिवाय माझे वडील कन्नडसक्तीविरुद्धच्या १९८६ च्या आंदोलनात हिंडलग्याच्या तुरुंगात होते. त्यांच्या मुलीनं कन्नडसाठी एवढी धडपड करावी, हेही मनाला लागतं. नवरा म्हणतो, ते अक्काचं डोकं वेगळं, तुला नाही जमायचं. मला अक्कांसारखं व्हायचंय. माणसाचा स्वभाव बदलतो का?"

ताई,

पत्राबरोबर तुम्ही वहीच्या तीन पानांचे फोटो पाठवलेत ते बरं केलंत. पत्रापेक्षा मी तीच पानं जास्त वेळ बघत बसले. अक्षर काय सुरेख आहे हो तुमचं! हिशेब मांडायची सवय असलेल्या हाताचं. आणि त्या सुरेख अक्षरात काय लिहिलंय? 'आज परत गप्प राहिले. भित्री.' 'जाऊबाईंना उत्तर देता आलं नाही. बावळट.' 'व्हिडिओ बघितला, आचरणात शून्य.' वर तारीख, मध्ये स्वतःला एक शिवी, खाली रेघ. तिन्ही पानं अशीच.

मजुरीच्या हिशेबाची वही तुम्ही अशी लिहिता का? 'आज हिशेब जुळला नाही, मी नालायक' एवढं लिहून वही मिटून ठेवता? नाही ना. तिथं तुम्ही कुणाला किती सूत दिलं, किती कांड्या भरून आल्या, किती कमी पडल्या ते लिहिता. म्हणून तर चार दिवसांनी बसलात तरी चूक सापडते. रात्रीच्या वहीत चूक कधीच सापडणार नाही, कारण तिथं नुसता निकाल आहे. साक्ष नाही, पुरावा नाही, आरोपीला बोलूसुद्धा दिलेलं नाही. आपल्याकडे या प्रकाराला आत्मपरीक्षण म्हणायची पद्धत आहे. मला विचाराल तर हा रोज रात्रीचा मार आहे, आणि मार खाणारं माणूस फार तर मार चुकवायला शिकतं.

ही वही बंद करू नका. आठ महिने न चुकता लिहिणं ही सोपी गोष्ट नाही. फक्त ती हिशेबाच्या वहीसारखी लिहा. कचेरीतली ती तिसरी खेप तुम्ही पत्राच्या तिसऱ्या पानावर सांगितलीय. तुमच्याच शब्दांतली मी इथं परत मांडते:

'काऊंटरवर गेले. पुढं दोन माणसं होती. माझा नंबर आला. साहेबांनी वर न बघता "एन्री?" विचारलं. मी कागद पुढं केले. त्यांनी चाळले, परत दिले आणि "नाळे बर्री" म्हणाले. मला विचारायचं होतं की का. मागचा माणूस पुढं सरकला. मी बाजूला झाले.'

आता यात भित्री बाई दाखवा मला. घरातली कामं टाकून तीनदा गेलेली, रांगेत उभी राहिलेली, कागद बरोबर लावून नेलेली बाई मला दिसते. तिच्याकडे एकच गोष्ट नव्हती: एक शब्द. 'याक्री?' म्हणजे 'का हो?' हा शब्द तुम्हाला ठाऊक आहे, गल्लीत दिवसातून दहादा कानावर पडतो. त्या क्षणी तो ओठांवर तयार नव्हता, इतकंच. 'मी भित्री आहे' या रोगावर औषध नाही. 'नाळे बर्री' ऐकल्यावर 'याक्री? इन्नेन कागद बेक्री?' म्हणजे 'का हो? आणखी कुठला कागद पाहिजे?' हे तोंडात तयार नव्हतं, यावर आहे. स्वयंपाक करता करता पन्नास वेळा म्हणून ठेवायचं. हसू येईल, येऊ दे.

तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेलं आहे आणि ते तुम्ही इतक्यांदा लिहिलंय की तुमच्या लक्षातही आलं नसेल. 'अक्का मुळातच धाडसी.' 'त्यांना ते उपजतच.' चार ठिकाणी आहे, मी मोजलं. हे तुम्हाला कुणी सांगितलं? अक्कांनी?

माझी एक गोष्ट सांगते. मी बँकेत लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. पहिली नेमणूक निपाणीला. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका तेव्हा खाती उघडायला यायच्या. अंगाला तंबाखूचा वास, हातात घडी केलेल्या नोटा, आणि आपल्याला कुणीतरी हाकलणार अशी खात्री चेहऱ्यावर. आमच्या शाखेत एक मॅडम होत्या, धारवाडकडच्या, घरची भाषा कन्नड. त्या या बायकांशी इतकं स्वच्छ, इतकं मऊ मराठी बोलायच्या की बायका त्यांच्याच टेबलापुढं रांग लावत. माझी मातृभाषा मराठी आणि माझ्यापुढं कुणी नाही! मी मॅडमवर खूश होते आणि थोडी जळतही होते. त्यांच्यासारखा घट्ट अंबाडा घालू लागले. त्यांच्यासारखी निळी शाई वापरू लागले. चष्मा नव्हता, नाहीतर तोही नाकाच्या शेंड्यावर आणला असता. सहा महिन्यांत अंबाडा जमला, बाकी काही नाही.

एक दिवस त्या रजेवर होत्या. शिक्का हवा होता म्हणून मी त्यांचा ड्रॉवर उघडला. आत चिठ्ठ्यांची चळत, रबरबँड लावलेली. कन्नड लिपी होती. सावकाश लावून वाचलं तर मजकूर मराठी! 'अंगठा इथं लावा, घाई नाही.' 'पासबुक दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.' 'पैसे तुमचे आहेत, कधीही काढा.' प्रत्येक वाक्य दोन-तीनदा खोडून नीट केलेलं. मला वाटायचं, यांच्या जिभेवर सरस्वती. सरस्वती ड्रॉवरमध्ये होती. पुढं धीर करून विचारलं तेव्हा त्या मोठ्यांदा हसल्या. म्हणाल्या, "मग? आईच्या पोटातून मराठी शिकून आले असं वाटलं होय तुला?"

आपण ज्याला मानतो त्याचं बाहेरचं आपल्याला दिसतं आणि आपलं स्वतःचं मात्र आतलं. त्यांचं तयार झालेलं लुगडं, आपला मागावरचा गुंता. तुलना कशी बरोबर व्हायची? म्हणून पहिलं काम हे: अक्कांकडे जा आणि त्यांचा ड्रॉवर कुठं आहे ते विचारा. पहिल्यांदा कचेरीत गेला होता तेव्हा काय झालं? कुणी हाकललं होतं का? आत जाण्याआधी मनाशी काय म्हणता? कागद कुठल्या क्रमानं लावता? 'तुम्ही एवढ्या धीट कशा हो' असं विचारू नका, कारण त्याला उत्तर नसतं. माणूस नुसता लाजतो.

आता जरा टोचणारं. तुम्हाला अक्का व्हावंसं वाटू लागलं ते कधीपासून? अक्का तर गल्लीत तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हापासून आहेत. इतकी वर्षं त्यांचं कौतुक होतं, पण वही नव्हती, पहाट नव्हती. वही सुरू झाली ती मुलगी 'गप बस की' म्हणाली त्या रात्री. मला वाटतं तुमच्या मनात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. एक, अक्कांविषयीचा जुना आदर. दुसरी, मुलीसमोर झालेली नामुष्की. दोन्ही खऱ्या आहेत, पण दोघींची चाल वेगळी. नामुष्कीचा जोर मोठा असतो, टिकत मात्र नाही. ती विरली की पहाटेचा गजरही बंद होतो. आदर हळू चालतो, पण तो सोबतीला राहतो.

मुलीचं म्हणाल, तर ती काय म्हणाली ते परत ऐका. 'मी बोलते' म्हणाली. तेरा-चौदा वर्षांची पोर, सरकारी काऊंटरपुढं, आईची बाजू घ्यायला पुढं झाली. हे तिनं कुठून उचललं? ज्या घरात कांड्या भरणाऱ्या बायकांचा एकेक रुपया नीट मांडून दिला जातो, त्या घरातून. बोलण्याची पद्धत चुकली, ते तिला प्रेमानं सांगा. 'गप बस' नको, 'आई, मी मदत करू का' म्हण. पण त्या वाक्याचा तुम्ही आठ महिने जो अर्थ लावलात तो तिच्या मनात असेलच असं नाही. तिला विचारलंत का कधी? पत्रात तरी दिसलं नाही.

मग अक्कांमधलं तुम्हाला नेमकं काय आवडतं? कन्नड? मला शंका आहे. पाचव्या पानावर तुम्हीच लिहिलंय की बाजारात कामापुरतं कन्नड बोलता, मंगाईच्या जत्रेत बांगडीवाल्याशी घासाघीस करून दहा रुपये कमी करून घेतलेत. आणि जाऊबाईंपुढं तर तुम्ही मराठीतच गप्प बसलात! म्हणजे अडचण भाषेचीच आहे असं नाही. समोरच्याच्या हातात आपलं काहीतरी आहे असं वाटलं की तुमचा घसा बंद होतो. बांगडीवाल्याच्या हातात काही नव्हतं, फार तर बांगड्या.

एक करून बघा. अक्कांची तुम्हाला आठवतात ती तीन-चार दृश्यं कागदावर उतरवा. 'धीट', 'हुशार' असे शब्द टाळा, काय केलं तेवढंच लिहा. पत्रातलं एक मला फार आवडलं: तुमचं काम झाल्यावर अक्का परत साहेबांकडे वळल्या आणि रांगेत मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचा कागद उलटा होता तो सुलटा करून दिला. तुम्ही हे सहज, जाता जाता लिहिलंय. पण आठ पानांत सगळ्यात जिवंत ओळ तीच आहे. तुमचा जीव कन्नडवर नाही, तो उलट्या कागदावर आहे असं मला वाटतं. आणि ते तुम्ही उद्या सकाळी करू शकता, त्याला व्याकरण लागत नाही. तुमच्याकडे कांड्या भरायला येणाऱ्या बायकांपैकी कुणाच्या आधारवरचं आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नाही, हे बघून ठेवलंत तरी गल्लीतल्या निम्म्या खेपा वाचतील. तुमच्याइतकं हे दुखणं कुणाला कळणार?

'नाटक केल्यासारखं वाटतं' म्हणता. वाटणारच. आपल्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ ला एक मुलगा जन्मला, शिवपुत्र कोमकळी. घर कन्नड. लहानपणी तो मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवायचा, हरकतींसकट. लोक थक्क व्हायचे. त्याला कुमार गंधर्व ही पदवी मिळाली ती त्या वयातली. म्हणजे सुरुवात नकलेनं झाली, आणि उत्तम नकलेनं. पुढं मुंबईत देवधर मास्तरांकडे रीतसर शिकणं झालं. मग ऐन तारुण्यात क्षय झाला, देवासला जाऊन अंथरुणावर पडून राहावं लागलं, गाणं बंद. त्या वर्षांत आजूबाजूच्या बायकांची माळव्यातली लोकगीतं ते नुसते ऐकत होते. बरे होऊन परत गायला बसले तेव्हा जे बाहेर आलं ते कुणाच्याच तबकडीवर नव्हतं.

ही गोष्ट लोक 'नक्कल सोडा, स्वतःचं शोधा' असं सांगायला वापरतात. मला ती उलटी वाटते. लहानपणी ती नक्कल केली नसती तर गळ्यात एवढं आलं कुठून असतं? म्हणून अक्कांचं वाक्य जसंच्या तसं, त्यांच्या सुरात, त्यांच्यासारखी मान हलवून म्हणा. खोटं वाटेल. नवीन चप्पलही पहिले चार दिवस दुसऱ्याची वाटते. फक्त अंबाड्यात अडकू नका, मी अडकले होते. उचलायचं ते कामाचं वाक्य, सूर, कागद लावण्याची रीत. अक्कांचा स्वभाव, त्यांचं मोठ्यानं बोलणं, सगळ्यांच्या घरात हक्कानं शिरणं हे त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे. तुम्ही हळू बोलता. हळू बोलणाऱ्या बाईलाही 'याक्री' विचारता येतं. कधी कधी साहेब नीट ऐकायला पुढं वाकतो, हाही फायदाच.

आता वडिलांविषयी. इथं मी जपून लिहिते, कारण सीमाभागातल्या घराघरात ही जखम आहे आणि बाहेरच्यांना ती कळत नाही. १ नोव्हेंबरला आपल्या शेजारी कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि आपल्या घरात काळा दिवस पाळतात. अशा घरात वाढलेल्या मुलीला कन्नडचं पुस्तक हातात घेताना अपराधी वाटलं तर त्यात नवल नाही. पण १९८६ चं आंदोलन सक्तीविरुद्ध होतं. तुमचे वडील आत गेले ते 'हीच भाषा बोल' म्हणून कुणी मानगूट धरू नये म्हणून. तुम्ही आपण होऊन, आपल्या कामासाठी, आपल्या मर्जीनं दोन वाक्यं शिकता, यात त्या लढ्याला बाधा कुठं येते? आपल्या भागातले किती तरी जुने कार्यकर्ते उत्तम कन्नड बोलतात. भाषणं मराठीत करतात आणि फौजदाराशी भांडतात कन्नडमध्ये.

मराठीत अर्ज करायचा तुमचा हक्क आहेच. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार आपलं गाऱ्हाणं देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. तो हक्क जरूर मागा, मागणाऱ्यांबरोबर उभ्या राहा. पण हक्काची लढाई पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि गृहलक्ष्मीचा हप्ता या महिन्याचा असतो. दोन्ही वेगळ्या खात्यांवर मांडा, तुम्ही हिशेबातल्या आहात. शक्य असेल तर हे वडिलांना स्वतः विचारा. मला उगीच वाटतंय की ते तुमच्यापेक्षा कमी कडक निघतील.

शिकायचं कसं, हे पुष्कळ जण विचारतात म्हणून थोडं लिहिते. कचेरीतले निम्मे शब्द तुमच्याकडे आधीपासून आहेत. कन्नडमध्येही अर्जी, सही, तारीख, कचेरी, कागद, पगार हे थोड्याफार फरकानं असेच चालतात. 'सावकाश हेळ्री' म्हणजे सावकाश सांगा, यातला सावकाश तर दोघांचाही. म्हणजे उभा ताणा जुनाच आहे, आडवा बाणा तेवढा घालायचाय: 'याक्री', 'यावाग बरली' म्हणजे कधी येऊ, 'इन्नेन बेक्री'. आणि सगळ्यांत उपयोगी वाक्य 'सावकाश हेळ्री, कन्नड स्वल्प बर्तैती.' मला थोडंच येतं, हे कन्नडमध्येच सांगितलं की समोरचा बहुतेक वेळा मऊ होतो. बँकेत काऊंटरच्या आतल्या बाजूला बसून मी हे तीस वर्षं बघितलंय.

लेकीला शाळेत कन्नड आहेच. तिच्याकडून अक्षरं शिका, रोज एक. पण रोज रात्री तिच्यासमोर परीक्षा देत बसू नका, त्यानं दोघींनाही त्रास होईल. तिला अक्षरं येतात, तुम्हाला व्याज काढता येतं. अदलाबदल करा, म्हणजे कुणी कुणाची मास्तरीण राहणार नाही. आणि कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहेच, तिचा उपयोग करून घ्या. कधी सौंदत्तीला यल्लम्माला जायचं झालं तर खिडकीशी बसून मोबाईल बघू नका, शेजारच्या बाईला 'कुठल्या गावच्या?' एवढं विचारा. त्या डोंगरावर निम्मी माणसं मराठी, निम्मी कानडी. देवीला दोन्ही कळतं, आणि बसमधल्या बायकांना दुसऱ्याच्या संसारात इतका रस असतो की तुमचं व्याकरण कुणी बघत नाही.

व्हिडिओंबद्दल फार बोलत नाही. एखादा चांगला असेलही. पण त्यातल्या माणसाला वडगावचं काऊंटर ठाऊक नाही. पहाटे साडेचारचं तर सोडूनच द्या. घरात माग रात्री किती वाजता थांबतात ते तुम्ही लिहिलंय. झोपमोड झालेल्या बाईचा घसा आणखीच बसतो.

आणखी एक वाट आहे, तीही विचारात घ्या. तुम्ही अक्का न होता अक्कांच्या जोडीला उभ्या राहू शकता. अक्का साठीच्या आहेत. त्यांना बोलता येतं, पण तुम्हीच लिहिलंय की त्यांच्या पिशवीत कुणाचा कागद कुठं आहे ते त्यांनाच सापडत नाही. त्यांना वही ठेवणारं माणूस हवं आहे आणि तुमच्याइतकी चांगली वही गल्लीत दुसऱ्या कुणाची नसेल. कुणाचा अर्ज कधी दिला, पोच मिळाली का, पुढची तारीख कुठली, हे तुम्ही ठेवा. मला ही वाट खरंच आवडते. एकच भीती आहे: तुम्ही वहीमागं लपाल. बोलायची वेळ आली की पेन शोधत बसाल. म्हणून जोडी जमवलीत तर आधीच ठरवून टाका, दर तिसऱ्या कामाला काऊंटरवर बोलायचं ते तुम्ही, अक्का मागं उभ्या.

स्वभाव बदलतो का, असं विचारलंत. मला ठाऊक नाही, आणि मी वाट बघितली नसती. मी अजूनही फोन करायच्या आधी चिठ्ठी लिहिते. सत्तावीस वर्षांची असताना लिहायचे, आता चौसष्टाव्या वर्षीही लिहिते. शाई अजून निळीच आहे. माझ्या शाखेतल्या पोरी निवृत्तीच्या दिवशी म्हणाल्या, 'मॅडम, तुमच्यासारखं बोलता आलं पाहिजे.' मी त्यांना ड्रॉवर उघडून दाखवला.

नवऱ्याचं 'तुला नाही जमायचं' फार मनावर घेऊ नका. भांडूही नका. पुढच्या वेळी मागाच्या वीजबिलाचं काही काम निघेल तेव्हा म्हणा, 'चला, मी येते बरोबर.' बोलायचं एक वाक्य, आधी ठरवलेलं. बाकी ते बोलू देत.

या आठवड्यात एवढंच करा. अक्कांकडे दुपारी जा, त्या निवांत असतात तेव्हा. पहिल्यांदा कचेरीत गेल्या त्या दिवसाचं विचारा आणि घरी येऊन वहीत उतरवून काढा, हिशेबासारखं, शिवी न लिहिता. मग मला कळवा. मला विशेषतः हे जाणून घ्यायचंय, की त्या दिवशी अक्कांच्या बरोबर कोण गेलं होतं.